क्लचचा आवाज येतोय? आधी इंजिन बंद करा

पाऊस सुरू झाला की मला एक फोन हमखास येतो. "ताई, क्लच दाबला की आवाज येतोय. गॅरेजमध्ये दाखवली तर म्हणाले, गिअरबॉक्स उतरवून बघावा लागेल. काय करू?" विचारणाऱ्या बहुतेक जणी माझ्याकडेच गाडी शिकलेल्या असतात. कुणी भांडुपची, कुणी मुलुंडची, कुणी लग्न होऊन ठाण्याला गेलेली. मी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवते. दिवसाचे कितीतरी तास डावीकडच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या पायाखालचा क्लच ऐकत असते. शिकाऊ गाडीचा क्लच घरच्या गाडीपेक्षा फार जास्त सोसतो, त्यामुळे त्याचे बहुतेक आवाज माझ्या ओळखीचे झालेत.

फोनवर मी पहिलं एवढंच सांगते: "गाडी बंद कर, हँडब्रेक ओढ, न्यूट्रलला टाक, आणि क्लच हळूहळू पूर्ण दाबून तसाच हळू सोड. आता आवाज येतो का?"

बरेचदा उत्तर येतं, "हो, येतो की!" आणि मला बरं वाटतं. इंजिन बंद असताना येणारा आवाज बहुतेक वेळा पेडलपाशी, क्लचच्या वायरमध्ये, नाहीतर गिअरबॉक्सपाशी क्लच सोडवणाऱ्या काट्याच्या, म्हणजे फोर्कच्या, सांध्यात असतो. त्यातलं बरंचसं गिअरबॉक्सला हात न लावता बघता येतं. क्लचच्या कामात मोठी मजुरी असते ती गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची, आणि त्यात गाडीचा एक दिवस सहज जातो. नोकरीला जाणाऱ्या बाईचा तो दिवस आणि ते पैसे उगाच जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं. पायाखालून विचित्र आवाज आला की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस समोरचा जे सांगेल त्याला हो म्हणतो.

लोक मला फोनवर आवाज काढूनही दाखवतात. कुईऽऽ, कर्रकर्र, टक्‌टक्. त्यावरून थोडा अंदाज येतो, पण कुरकुर बुशचीही (पिनेभोवतीचं छोटं कडं) असते आणि फोर्कचीही, मग ओळखायचं कसं? म्हणून मी आवाज कसा आहे याच्याआधी तो कधी येतो ते विचारते. इंजिन चालू असताना की बंद असतानाही? पाय नुसता टेकल्यावर, की पार तळाशी गेल्यावर? दाबताना, की सोडताना? सकाळी पहिल्यांदा, की तासभर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर? या चार गोष्टी नीट सांगितल्या तर कुठलाही चांगला फिटर निम्म्या शक्यता तिथल्या तिथे बाजूला करतो.

हे का जमतं ते समजायला पेडलच्या मागे काय काय हलतं ते माहीत हवं. पेडल एका पिनेभोवती फिरतं, त्या पिनेला बुश असतात, हल्ली बहुधा नायलॉनचे. पेडलच्या वरच्या भागाला एकतर वायर लागलेली असते किंवा मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे ऑइलला दाब देणाऱ्या नळकांड्यात, जाणारा एक छोटा दांडा. मारुती ८००, ऑल्टो, वॅगनआर यांच्यात वायर. बऱ्याच मोठ्या गाड्यांत हायड्रॉलिक, म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑइलमधून पुढे जातो. वायर असो की ऑइल, पुढे ते फोर्कला हलवतं. फोर्क रिलीज बेअरिंगला रेटतो. ते बेअरिंग प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या पात्यांवर दाबलं जातं, आणि फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) व प्रेशर प्लेटच्या मध्ये घट्ट धरलेली क्लच प्लेट सुटते. इंजिन फिरत राहतं आणि गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या इनपुट शाफ्टला इंजिनाकडून येणारं फिरणं थांबतं.

म्हणजे इंजिन बंद करून पेडल दाबलं की पेडल, बुश, स्प्रिंग, वायर, सिलिंडर, फोर्क एवढंच हलतं. बेअरिंग नुसतं पुढे सरकतं, फिरत नाही. फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, इनपुट शाफ्ट यांतलं काहीच फिरत नाही. बंद गाडीतल्या चाचणीचा सगळा उपयोग यात आहे.

आता बंद गाडीत आवाज आलाच, तर पुढचं शोधकाम दोघांनी करावं. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने ऐकायचं. आधी डॅशबोर्डखाली डोकं घालून, टॉर्च लावून, पेडलच्या मुळाशी. मग बॉनेट उघडून, पेडल आणि इंजिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायर बाहेर येते तिथे. मग गिअरबॉक्सवर, जिथे वायरचं दुसरं टोक लिव्हरला अडकवलेलं असतं तिथे. तिन्ही ठिकाणी आवाज ऐकू येईल, पण एका जागी तो स्पष्टपणे मोठा असतो. नाहीच कळलं तर इंजिन बंद असतानाच वायरच्या केसिंगवर बोटं ठेवा. आतून खरखर लागते, ती कानाच्या आधी हाताला कळते.

परळच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स असलेली माझी एक विद्यार्थिनी. तिची जुनी हॅचबॅक, वायरवाली. जूनमध्ये क्लच दाबताना कुईऽऽ असा लांब आवाज सुरू झाला. रात्रपाळीहून परतताना कॉलनीतली कुत्री उठायची, असं ती म्हणायची. एका गॅरेजने पूर्ण क्लच सेट (प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग) बदलायला सांगितला. मी तिच्या सोसायटीत गेले, गाडी बंद ठेवून आम्ही पेडल दाबलं. आवाज पार डॅशबोर्डखालून. पेडलची पिन गंजून लालसर झालेली, बुश कोरडा ठणठणीत आणि एका बाजूने झिजून अंडाकृती. पेडल हाताने डावी-उजवीकडे हलवलं तर हलत होतं. तेवढा बुश बदलला, पिन घासून ग्रीस लावलं, आवाज बंद. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट सगळं अजून तेच आहे आणि क्लच कुठेही घसरत नाही.

मुंबईत हे पावसात का वाढतं, तर ओले पाय. रेनकोट, छत्री, भिजलेल्या चपला, सगळं पाणी पेडलच्या खाली साचतं, आणि गाडी बंद करून ठेवली की आतली दमट हवा महिनाभर सुकत नाही. समुद्राकडच्या वस्त्यांत खारी हवा असते ती वेगळीच. पिना, स्प्रिंगा, वायरचं उघडं टोक, या सगळ्यांना गंज धरतो. त्यात आणखी एक गोष्ट तपासा, फार साधी आहे म्हणून कुणी तपासत नाही: ओल्या चपलेचा तळवा आणि पेडलचं झिजलेलं रबर यांच्यातही चिरचिर आवाज येतो. पाय पुसून, किंवा हातानेच पेडल दाबून बघा. तसंच जाड मॅट. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून बसवलेली उंच कडांची मॅट पेडलच्या बाजूला घासते आणि करकर वाजते. तिचं दुसरं दुखणं जास्त गंभीर आहे. मॅट पेडलखाली आली तर क्लच तळापर्यंत जातच नाही, गिअर खरखरतात, आणि लोक गिअरबॉक्सला दोष देत बसतात. मी नवीन गाडीत शिकवायला बसले की पहिल्यांदा मॅट मागे ओढून बघते.

ग्रीसबद्दल दोन शब्द, कारण इथे घरगुती उपाय फार चालतात. पेडलच्या पिनेला पांढरं ग्रीस किंवा सिलिकॉन ग्रीस चांगलं. गंज सोडवायचा स्प्रे मारला की आवाज त्याच क्षणी थांबतो, पण तो पातळ असतो, लवकर उडून जातो आणि आवाज परत येतो. तो गंज सुटण्यापुरता मारावा, पुसावा आणि मग ग्रीस लावावं. मास्टर सिलिंडरच्या रबराला साधं पेट्रोलियम ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात लावू नये, रबर फुगतं आणि सील जातो. वायरच्या आत तेल सोडायची जुनी पद्धत होती. हल्लीच्या बऱ्याच वायरींना आतून नायलॉनचं किंवा तसंच अस्तर असतं, त्यात तेल घातलं तर धूळ चिकटते आणि वायर आणखी जड होते. वायर खरखरत असेल तर बदलावी. गिअरबॉक्सच्या मानाने ती फारच स्वस्त आहे.

हायड्रॉलिक गाडीत बंद इंजिनावर चुंई-चुंई आवाज येत असेल तर पेडलच्या वर, दांडा मास्टर सिलिंडरमध्ये शिरतो तिथे बोट फिरवून बघा. ओलं लागलं तर सील गळतोय. गालिचाही उचलून बघा, ते ऑइल खाली झिरपलेलं असतं. हात लगेच धुवा आणि गाडीच्या रंगाला लावू नका, ब्रेक ऑइल रंग खातं. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच डबीतलं ऑइल वापरतात, म्हणून ही गळती नुसत्या क्लचपुरती राहत नाही, डबीतली पातळी त्याच दिवशी बघावी. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. आमच्याकडच्या हवेत तर ते दर दोन वर्षांनी बदलावं असंच मी सांगते.

टक् आवाजाचं थोडं वेगळं आहे. पेडल अर्ध्यावर गेल्यावर एकदाच टक् होत असेल तर पेडलला मदत करणारी स्प्रिंग, किंवा दांडा आणि पेडल जोडणाऱ्या पिनेचं मोठं झालेलं भोक, हे बघावं. अगदी बारीक टिक् आवाज क्लच स्विचचाही असतो. क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट न होणाऱ्या गाड्यांत तो असायचाच, त्याची काळजी नको. वायरवाल्या गाडीत मात्र पेडल खडबडीत लागायला लागलं आणि मधूनच बारीक तटतट जाणवली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. वायर अनेक तारांची विणलेली असते, त्यातली एक-एक तार तुटत असते.

माझ्या स्वतःच्या कामातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ट्रेनिंग स्कूलच्या गाडीला ड्युएल कंट्रोल असावं लागतं, तसा नियमच आहे. माझ्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो, आणि तो दांड्यांनी किंवा वायरने मूळ पेडलला जोडलेला असतो. म्हणजे जास्तीचे सांधे, जास्तीच्या पिना, जास्तीचे बुश. शिकाऊ गाडीतला कुरकुरणारा आवाज पुष्कळदा त्या जोडणीतला असतो. फिटर जोडणी तात्पुरती सोडवतो, मूळ पेडल एकटं दाबून बघतो आणि आवाज गेला की तिथेच शोधतो. तुम्ही ट्रेनिंग स्कूलमधून निघालेली जुनी गाडी घेत असाल तर पेडलच्या पिनेवर जुन्या जोडणीच्या खुणा दिसतात का ते नक्की बघा. ती गाडी स्वस्त मिळेल, पण तिचा क्लच किती पायांखालून गेलाय याचा हिशेब कुणाकडे नसतो.

बंद गाडीत आवाज नाही आणि चालू गाडीत येतो, तर मग गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या आवरणाच्या आतलं काही आहे. फिटर त्याला बेल हाउसिंग म्हणतात. ही चाचणी करताना गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक घट्ट, चाकाला वीट किंवा लाकडी ठोकळा. एसी, पंखा, गाणी बंद. एसी कॉम्प्रेसरचं बेअरिंगही घरघरतं आणि हमखास फसवतं. काच खाली करून गाडी भिंतीच्या जवळ लावली तर खालचा आवाज भिंतीवर आदळून नीट ऐकू येतो. बॉनेटपाशी कुणी उभं राहणार असेल तर ओढणी आणि मोकळे केस आवरून, चालू बेल्टपासून लांब. आणि कुणी समोर उभं असताना गाडी गिअरमध्ये टाकायची नाही, कधीच नाही.

न्यूट्रलमध्ये इंजिन चालू, पाय पूर्ण बाजूला. घरघर येतेय? आता क्लच पूर्ण दाबा. घरघर थांबली आणि सोडल्यावर पुन्हा आली, तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. क्लच सोडलेला असताना न्यूट्रलमध्येही इनपुट शाफ्ट फिरत असतो, दाबला की थांबतो, म्हणून आवाजही थांबतो. हे गिअरबॉक्सचं काम, नुसता क्लच सेट बदलून जाणार नाही. माझ्या माहितीतल्या एकांनी नवा सेट टाकून घेतला आणि आवाज होता तसाच राहिला, कारण क्लच दाबल्यावर तो जातोय ही गोष्ट गॅरेजला कुणी सांगितलीच नव्हती. काही गाड्या न्यूट्रलमध्ये थोड्या खुळखुळतातच, गिअरच्या दातांमधल्या मोकळ्या जागेमुळे. पूर्वीपासून तेवढीच असेल आणि वाढत नसेल तर राहू द्या.

याच्या उलट, पाय बाजूला असताना शांत आणि क्लच दाबला की आवाज सुरू, तर रिलीज बेअरिंग. वायरच्या गाडीत पेडल सुरुवातीला थोडं मोकळं जातं, त्याला फ्री प्ले म्हणतात. पेडलच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. बोटाने दाबून बघा. ही मोकळी जागा संपून पेडलला जोर लागायला लागतो, बरोबर त्या जागी आवाज सुरू होत असेल तर बेअरिंग पात्यांना टेकून फिरायला लागलंय. हायड्रॉलिक गाडीत बेअरिंग बहुधा आधीपासूनच हलकेच टेकलेलं असतं, म्हणून तिथे आवाज एकदम सुरू न होता दाबत जाल तसा वाढतो किंवा बदलतो.

आमचे फिटर काका एलबीएस मार्गाच्या आत एका गल्लीत काम करतात. त्यांनी एकदा मला एका गाडीतून काढलेलं बेअरिंग आणि डब्यातलं नवं बेअरिंग, दोन्ही हातात देऊन फिरवायला सांगितलं. नवं बेअरिंग जड, संथ फिरलं, आवाज जवळजवळ नाही. जुनं मात्र हलकं होऊन भराभर फिरलं आणि जात्यात ज्वारी पडल्यासारखं घरघरलं. "ग्रीस संपलं की ते असं मोकळं फिरतं. लोकांना वाटतं, बघा किती छान फिरतंय," काका म्हणाले. तेव्हापासून क्लचचं काम होत असेल तर मी विद्यार्थिनींना जुनं बेअरिंग हातात घेऊन फिरवून बघायला सांगते. जुने भाग परत मागणं यात काही वावगं नाही, चांगला फिटर ते स्वतःहून दाखवतो.

आणखी एक प्रकार. पाय बाजूला असताना चिवचिव किंवा खडखड, आणि पाय नुसता टेकवला, एक बोटभरही दाबला नाही, तरी थांबते. हा फोर्क किंवा बेअरिंग सैल होऊन थरथरण्याचा आवाज. वायरची सेटिंग बिघडली असेल तरी होतो, म्हणून आधी फ्री प्ले तपासून घ्यावा. फोर्क ज्या खुंटीवर किंवा शाफ्टवर झुलतो तिथलं ग्रीस वाळलं असेल तर तीच जागा बंद गाडीतही कुरकुरते. बंद गाडीतला आवाज म्हणजे नेहमी पेडलच, असं मी म्हणत नाही ते यासाठी. हा आवाज पेडलपाशी न येता गिअरबॉक्सपाशी मोठा येतो, म्हणून दोन ठिकाणी कान लावायचा.

क्लच पूर्ण दाबलेला, गाडी उभी, आणि तेव्हाच बारीक किंचाळी, असं असेल तर इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, टोकातलं पायलट बेअरिंग असू शकतं. इनपुट शाफ्ट थांबलेला आणि क्रँक फिरता, तेव्हाच त्याला काम असतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ते असतं, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या पुष्कळ छोट्या गाड्यांत नसतंच, म्हणून हॅचबॅकवालीने याचा विचार शेवटी करावा.

गाडी जागेवरून निघताना थरथर, आवाज कमी आणि हादरा जास्त, तर क्लच प्लेटवर ऑइल आलेलं असू शकतं, फ्लायव्हील तापून जागोजागी निळसर डाग पडलेले असू शकतात, नाहीतर इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते माउंटिंग गेलेले. माउंटिंग बाहेरून तपासता येतात, आधी ते. प्लेटवर ऑइल असेल तर ते कुठून आलं हे शोधल्याशिवाय नवी प्लेट घालू देऊ नका. क्रँकचा मागचा सील गळत असेल तर नवी प्लेटही तशीच भिजेल. गिअरबॉक्स खाली आहेच तर तो सील, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग, फोर्कचे बुश सगळं त्याच वेळी बघून घ्यावं. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्रच बदलावं, एक जुनं ठेवून थोडे पैसे वाचतात, पण तीच मजुरी पुन्हा द्यावी लागू शकते.

आता मुंबईत बेअरिंग लवकर का जातं, याबद्दल माझं मत ठाम आहे. सिग्नलला पहिला गिअर टाकून, क्लच दाबून उभं राहायची सवय. जेव्हीएलआरवर, सायनला, किंवा मेट्रोच्या कामाने अरुंद झालेल्या एलबीएसवर एकेक सिग्नल किती खातो ते सगळ्यांना माहीत आहे. तेवढा पूर्ण वेळ रिलीज बेअरिंग जोरात दाबलेलं असतं आणि इंजिनाच्या वेगाने फिरत असतं. ते काही क्षणांच्या कामासाठी बनवलेलं आहे. मी शिकवताना पहिल्या दिवसापासून सांगते: थांबलो, न्यूट्रल, पाय खाली जमिनीवर. मुली घाबरतात, हिरवा लागला आणि मागून हॉर्न वाजला तर? वाजू दे. पहिला गिअर टाकायला एक क्षण पुरतो. दुसरी सवय चालत्या गाडीत पाय क्लचवर टेकवून ठेवायची, आणि तिसरी चढावर हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी तोलून धरायची. केम्प्स कॉर्नरहून पेडर रोडला चढताना गर्दीत हे रोज दिसतं, आमच्या भांडुपच्या टेकडीकडच्या चढांवरही. चढावर हँडब्रेक ओढा. मी परीक्षेसाठी म्हणून हँडब्रेकने चढ घ्यायला शिकवत नाही, क्लच वाचावा म्हणून शिकवते. वडाळा आरटीओतली परीक्षा एकदाच असते, चढ रोज असतो.

साचलेल्या पाण्याचं वेगळं सांगते. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं पावसाळ्यात बातम्यांत असतातच. बेल हाउसिंग पाणबंद नसतं. गाडी खोल पाण्यात उभी राहिली तर आत पाणी जातं, फ्लायव्हीलवर गंज धरतो, प्लेट चिकटू शकते, बेअरिंगमधलं ग्रीस खराब होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा काका कुर्ल्याला सीएसटी रोडवर काम करायचे. मिठी नदी तिथून जवळ. पुढे कितीतरी दिवस त्यांच्याकडे चिखल भरलेल्या गाड्या येत होत्या, आणि महिन्याभरानंतर क्लच दाबल्यावर घरघरणाऱ्या. मालक म्हणायचे, पाणी तर केव्हाच उतरलं. पाण्यातून गाडी गेली असेल आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या काही दाबांना खरखर येऊन थांबली, तर तो वरवरचा गंज घासला गेला. रोज येत राहिली किंवा वाढत गेली तर बेअरिंग. आणि पाण्यातून काढलेली गाडी आठवडाभर तशीच उभी ठेवू नका.

शेवटचा प्रश्न जो प्रत्येक जण विचारतो: असा आवाज असताना गाडी चालवू का? बुशची कुरकुर असेल तर चालवा, सवडीने दुरुस्त करा. मॅट असेल तर आत्ता काढा. ऑइल गळत असेल तर चालवू नका, ब्रेकचा प्रश्न आहे. रिलीज बेअरिंगची घरघर काही काळ तशीच चालते, पण ते जाम झालं तर प्रेशर प्लेटची पातीही खातं, म्हणून लांबचा प्रवास, गावाला जाणं, घाट, हे दुरुस्तीआधी नको. पेडल एकाएकी जड झालं, किंवा वर येईनासं झालं, की गाडी बाजूला घ्या.

वायर भर रस्त्यात तुटलीच तर पेडल पायाखाली सैल पडतं आणि गिअर पडत नाही. हजार्ड लाइट लावा, इंजिन बंद करा. माणसं मदतीला असतील तर न्यूट्रलमध्ये ढकलून कडेला घ्या, हे सगळ्यात चांगलं. ढकलायला कुणीच नसेल आणि क्लच न दाबता स्टार्ट होणारी जुनी गाडी असेल, तर पुढची जागा मोकळी आहे ना ते बघून, इंजिन बंद असतानाच पहिला गिअर टाका आणि चावी फिरवा. गाडी झटका देऊन स्टार्टरवर पुढे सरकते आणि इंजिन सुरू झालं तर पहिल्या गिअरमध्ये चालत राहते. तेवढ्यात कडेला घ्यायची, चावी बंद करायची आणि ब्रेक. काही फुटांपुरतंच करायचं, स्टार्टर आणि बॅटरी दोन्हींवर ताण येतो. मग गॅरेजला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: वायर तुटली, त्याआधी पेडल खडबडीत लागत होतं, इंजिन बंद असतानाही तटतट यायची. म्हणजे ते नवी वायर घेऊनच येतील.